खोल पाणी आणि जालन्याची मुले

जालना जिल्ह्यात पाण्याचा विषय निघाला की बोलणे टंचाईवरच येऊन ठेपते. वर्षाचा सरासरी पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. २०१२-१३च्या दुष्काळात उभ्या वाळलेल्या मोसंबीच्या बागा, शहरासाठी जायकवाडीवरून आणावे लागलेले पाणी, मे महिन्यात टँकरभोवती लागणाऱ्या घागरींच्या रांगा, ही या जिल्ह्याची सर्वांना ठाऊक असलेली ओळख. या जिल्ह्यातून मुलांच्या वॉटर पोलोविषयी लिहायचे म्हटले, तर वाचकाने भुवया उंचावणे साहजिक आहे. जालन्याच्या मातीत कबड्डी, खो-खो, कुस्ती शोभते. पाण्यातला चेंडू मुंबई-पुण्याच्या तलावांपुरता असावा, असेच कुणालाही वाटेल.

पण याच जिल्ह्याने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत शेताशेतात खोल पाणी उभे केले आहे. नदी आटली, विहीर तळाला गेली, तरी शेततळ्यात दोन पुरुष पाणी असते, आणि ते घरापासून, आखाड्यापासून म्हणजे शेतातल्या वस्तीपासून, शाळेच्या वाटेपासून हाकेच्या अंतरावर असते. पाणी आले, त्या पाण्याशी वागण्याची विद्या मात्र त्याच्याबरोबर आली नाही. शेततळ्यात बुडालेल्या मुलांच्या बातम्या मराठवाड्यातली वर्तमानपत्रे दरवर्षी छापतात. पुष्कळदा त्यांत एकाच घरातली दोन-दोन नावे असतात. मुलांचा वॉटर पोलो इथे उपयोगी पडतो तो यासाठी, की खोल पाणी गृहीत धरून मुलाभोवती सुरक्षिततेची रचना कशी उभी करायची, याचा तो फार स्वच्छ नमुना आहे. जालन्यातून या खेळाचे संघ उभे राहोत वा न राहोत, त्यामागची रचना या जिल्ह्याला आजच हवी आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे.

कागदाचा उतार

जालना तालुक्यातले कडवंची हे गाव पाणलोट विकासासाठी राज्यभर ओळखले जाते. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून तिथे कामे झाली. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ, खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र आणि विजयअण्णा बोराडे यांचे मार्गदर्शन त्यामागे होते. आधी माथ्यापासून पायथ्यापर्यंत माती अडवली, मग पाणी मुरवले, आणि मग द्राक्षासाठी शेततळी आली. आज या एका शिवारात ती शेकड्यांनी मोजावी लागतात. पुढे २०१६मध्ये राज्याची ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल हा तिच्यातला सर्वांत मोठा आकार होता, आणि अनुदान कमाल ५०,००० रुपये होते. मोसंबी, द्राक्ष, डाळिंब उन्हाळ्यात जगवायचे तर शेततळ्याला पर्याय नाही, हे बदनापूर-अंबडच्या कुठल्याही बागायतदाराला पटवून द्यावे लागत नाही. त्यामुळे शेततळ्यांविरुद्ध तक्रार करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. प्रश्न आहे त्यांच्या काठाचा.

काळ्या जमिनीतले किंवा मुरमातले पाणी झिरपून जाऊ नये म्हणून शेततळ्याला आतून प्लॅस्टिकचे अस्तर लावतात. शेतकरी त्याला सरळ ‘कागद’ म्हणतात. साधारण ५०० मायक्रॉन जाडीचा हा कागद चारही उतारांवरून खाली तळापर्यंत सलग जातो आणि वर बांधात चर खणून दाबलेला असतो. बाजू ढासळू नये म्हणून उतार तिरका असतो, एकास एक किंवा एकास दीड. उन्हात कोरडा असलेला हा उतार मुलाला घसरगुंडीसारखा सोपा वाटतो. पाण्याच्या रेषेखाली मात्र त्यावर महिन्याभरात शेवाळाचा थर धरतो. पाण्यात गेलेल्या मुलाला हाताने धरायला तिथे एकही दगड, मूळ किंवा खाच नसते. गुडघे टेकावेत तर घसरतात, बोटे रुतवावीत तर कागद तुटत नाही. चांगले पोहता येणारा मोठा माणूससुद्धा अशा काठावरून दोराशिवाय बाहेर येऊ शकेल याची खात्री नाही. म्हणूनच एकाला काढायला गेलेला दुसराही आतच राहतो. एकाच बातमीत भाऊ-बहीण किंवा मायलेक यांची नावे एकत्र येतात, त्यामागचे कारण दैवात शोधण्याची गरज नाही. ते कागदाच्या उतारात आहे.

विहिरीची शाळा

यावर गावातली जाणती माणसे हमखास एक आक्षेप घेतील: आमच्या लहानपणी कुठे होते कुंपण आणि कुठे होते प्रशिक्षक? आम्ही विहिरीत पोहायला शिकलोच ना? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्यात अर्धे उत्तर दडलेले आहे. विहिरीत पोहायला शिकणे ही बेफिकिरी नव्हती. ती अनुभवातून घडलेली एक पद्धत होती. मुलाच्या पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधत. कमरेला दोर असे आणि त्याचे दुसरे टोक काठावरच्या थोराच्या हातात असे. पाण्यात आधीच एखादा काका किंवा चुलतभाऊ उतरलेला असे. बांधीव विहिरीला पायऱ्या असत, दगडांच्या सांध्यांत बोटे अडकवायला जागा असे. आज पाठीला दोन डबे, उद्या एक, परवा नुसता दोर, अशा पायऱ्यांनी भीती उतरत जाई. सूर आणि मुटके फार पुढे येत.

या पद्धतीत तीन गोष्टी होत्या: तरंगवणारे साधन, बाहेर येण्याची वाट, आणि फक्त मुलाकडे लक्ष असलेला जाणता माणूस. शेततळ्यापाशी या तिन्ही नाहीत. शिवाय विहिरींचेही रूप बदलले. मोट गेली, पंप आले, पाणी खोल गेले. पायऱ्यांच्या विहिरींच्या जागी सिमेंटच्या कड्यांच्या सरळसोट विहिरी आल्या आणि मग बोअर आले. शिकवणाऱ्या पिढीतले पुष्कळजण शहरात गेले. आज ज्या बापाचे वय पस्तीस आहे, त्याचे स्वतःचे लहानपण टंचाईत गेलेले असण्याची शक्यता मोठी. त्यालाच पोहता येत नसेल तर तो मुलाला काय शिकवणार? जुन्या पद्धतीचा अभिमान बाळगायचा असेल तर तिचे नियम परत आणावे लागतील. ‘आम्ही शिकलो, तेही शिकतील’ असे म्हणून मुलाला दोराशिवाय सोडणे, ही त्या पद्धतीशीच प्रतारणा आहे.

तळाशी नाते तोडणारा खेळ

वॉटर पोलो १८७०च्या दशकात ब्रिटनमध्ये आकाराला आला आणि १९००च्या पॅरिस ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिकमध्ये आहे. भारताचेही त्यात नाव आहे: १९५१मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या आशियाई स्पर्धांत वॉटर पोलोचे सुवर्णपदक भारताने जिंकले होते. आज महाराष्ट्राच्या शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत जलतरण, डायव्हिंग आणि वॉटर पोलो ही नावे एकत्र येतात, म्हणजे कागदोपत्री हा खेळ जालन्याच्या शाळकरी मुलांचाही आहे.

खेळाची रचना अशी: प्रत्येक बाजूला एक गोलरक्षक धरून ७ खेळाडू, ८ मिनिटांचे चार डाव, तीन मीटर रुंदीचा आणि पाण्यावर ९० सेंटिमीटर उंचीचा गोल. मोठ्यांच्या सामन्याला पाणी दोन मीटरच्या आसपास खोल लागते. चेंडू एकाच हाताने धरायचा आणि टाकायचा. दोन्ही हात वापरण्याची मुभा फक्त गोलरक्षकाला, तीही त्याच्या हद्दीत. सर्वांत महत्त्वाचा नियम असा की बाकीच्या खेळाडूंनी तळाचा आधार घ्यायचा नाही. काठ धरून दम खायचा नाही. संपूर्ण डावभर अंग पाण्याने तोलायचे.

हे तोलणे कसे साधते? छातीपासून वरचे अंग सरळ, जणू पाण्यात खुर्चीवर बसले आहे. मांड्या फाकलेल्या, गुडघे वर, आणि गुडघ्यापासून खालचे दोन्ही पाय आळीपाळीने उलटसुलट वर्तुळे काढत राहतात. एक पाय पाणी दाबत असतो तेव्हा दुसरा वळण घेत असतो. इंग्रजीतून आलेले त्याचे नाव ‘एगबीटर’. यात हात पूर्ण मोकळे राहतात, तोंड पाण्याबाहेर राहते आणि मान वळवून चौफेर पाहता येते. हे ज्याला जमले, तो थकव्याने लगेच खाली जात नाही. पडलेल्या जागी उभा राहून तो श्वास घेऊ शकतो, हाक मारू शकतो, फेकलेला दोर दोन्ही हातांनी पकडू शकतो. फ्रीस्टाइलमध्ये पन्नास मीटर वेगाने जाणाऱ्या मुलापेक्षा शेततळ्यात पडलेल्या मुलाला हे कौशल्य जास्त कामाचे आहे, कारण तिथे कुठे पोहत जायचे नसते. मदत येईपर्यंत टिकायचे असते.

मुलाच्या मापाचा खेळ

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो खेळ पाहिलेल्यांचा आहे: वॉटर पोलो दांडगाईचा खेळ आहे; पाण्याखाली ओढाओढ चालते, नाकावर कोपर बसते, बोटे मोडतात; असा खेळ मुलांच्या सुरक्षिततेचा नमुना कसा? मोठ्यांच्या सामन्यांत धक्काबुक्की होते, हे खरे. चेहऱ्याला आणि बोटांना इजा होतात, पोहणे आणि फेकणे दोन्हीचा भार आल्याने खांदे दुखावतात, जवळून मारलेला चेंडू डोक्यावर बसल्याने गोलरक्षकांना मेंदूला हादरा बसण्याचा धोका असतो. पण या खेळाने आपला धोका ओळखून प्रत्येकावर एकेक तोड शोधली आहे, आणि शिकण्यासारखे आहे ते हेच. कानावर चेंडू बसून पडदा फाटू नये म्हणून टोपीला दोन्ही बाजूंनी कानपट्ट्या असतात. सामन्याआधी पंच प्रत्येकाची नखे पाहतात. दागिने चालत नाहीत. अंगाला तेल लावून उतरता येत नाही, कारण निसटते अंग धरता येत नाही. ज्याच्या हातात चेंडू नाही त्याला धरले, बुडवले किंवा मागे ओढले तर खेळाडू काही सेकंदांसाठी बाहेर जातो आणि त्याचा संघ तेवढा वेळ एकाने कमी खेळतो; अशा तीन चुकांनंतर तो सामन्यातून बाद. समोरच्याच्या तोंडावर मुद्दाम पाणी उडवणेसुद्धा याच प्रकारचा गुन्हा आहे. पाण्यात श्वासाशी खेळायचे नाही, हे तत्त्व अशा रीतीने नियमपुस्तकात उतरले आहे.

लहान मुलांसाठी तर खेळच लहान केला जातो. अमेरिकेत ‘स्प्लॅशबॉल’ नावाने साधारण ५ ते १० वर्षांच्या मुलांना उथळ पाण्यात, पाय टेकत, तरंगती साधने वापरू देत चेंडूशी ओळख करून देतात. इटलीत २००८पासून ‘हाबावाबा’ हा मुलांच्या वॉटर पोलोचा मेळा भरतो. तिथे मैदान आखूड, संघ लहान आणि गोल हवा भरलेले असतात. चेंडूचेही वयाप्रमाणे आकार ठरलेले आहेत: पुरुषांना ५ क्रमांकाचा, महिलांना ४ क्रमांकाचा, त्याखाली मुलांसाठी ३, २, १. पंजात मावणारा चेंडू असला की मूल हात आखडत नाही आणि खांद्यावर ताण येत नाही. आधी उथळ पाण्यात चेंडू, मग काठाशी एगबीटर, मग छातीभर पाण्यात तीनास तीन, आणि अंगाला सवय झाल्यावर तळ सोडणे, असा क्रम असतो. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची मिळत नाही. विहिरीत आधी दोन डबे आणि मग एक, या जुन्या शहाणपणाशी हा क्रम मिळताजुळता आहे. फरक इतकाच की इथे तो लिहून ठेवलेला आहे आणि दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या शिक्षकालाही तसाच पाळता येतो.

खेळातून शिकवण्याचा आणखी एक फायदा असा की नुसत्या सरावाला कंटाळणारे मूल चेंडूसाठी त्याच हालचाली न सांगता शंभर वेळा करते. ‘पाच मिनिटे पाय मार’ म्हटले की मुले दुसऱ्या मिनिटाला काठ धरतात. चेंडू हवेत असला की पाच मिनिटे कधी गेली हे कळत नाही.

काठावरची माणसे

सामना चालू असताना दोन पंच तलावाच्या दोन लांब काठांवरून चेंडूबरोबर चालत असतात. ही व्यवस्था मुळात खेळाच्या न्यायासाठी. पण तिच्यामागचा विचार सरावातही हवा. पाण्यातल्या मुलांवर बाहेरून डोळा ठेवणारा, स्वतः न खेळणारा, फोन न पाहणारा एक माणूस असलाच पाहिजे. शिकवणारा आणि पाहणारा एकच असेल, तर एका मुलाचे पाय दुरुस्त करताना दुसऱ्याकडे पाठ होते. चांगल्या तलावांत मुलांच्या जोड्या लावतात, शिट्टी वाजली की जोडीदाराचा हात वर करायचा आणि मोजणी व्हायची. श्वास कोंडून कोण जास्त वेळ खाली राहतो, ही पैज पूर्ण बंद. जोरजोराने श्वास घेऊन बुडी मारणाऱ्याला पाण्याखालीच भोवळ येते आणि वरून ते कुणाला कळत नाही.

कळत नाही हाच बुडण्याचा स्वभाव आहे. सिनेमात बुडणारा हात हलवून ओरडतो. प्रत्यक्षात तोंड पाण्याच्या रेषेवर खालीवर होत असताना ओरडायला श्वासच उरत नाही. हात बाजूला पसरून पाणी दाबत असतात, हलवायला मोकळे नसतात. लहान मूल अर्ध्या-एका मिनिटात शांतपणे खाली जाते, आणि मेंदूला प्राणवायू न मिळाल्यास चार-पाच मिनिटांत कायमची हानी सुरू होते. आखाड्यावर स्वयंपाक करणारी आई शंभर फुटांवर असली, तरी तिला काही ऐकू येणार नाही. त्यामुळे ‘लक्ष ठेवा’ एवढे सांगून भागत नाही.

वाचवण्याची रीतही शिकवावी लागते, आणि ती सोप्या शब्दांत बसते: उडी मारू नका, फेका. कासरा, सोल, साडी, लांब बांबू, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, ट्रॅक्टरची ट्यूब, हाताशी असेल ते फेका आणि स्वतः काठावर आडवे पडून ओढा. मूल बाहेर आल्यावर त्याला उलटे टांगून गरगर फिरवणे, पोट दाबणे, मिठात पुरणे हे सगळे जीवघेणे आहे, कारण त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास या क्रमाने न थांबता चालू ठेवायचे, आणि दुसऱ्याने १०८ला फोन लावायचा. बुडण्यात मूळ अडचण श्वासाची असते. म्हणून इथे नुसते छातीवर दाब देणे पुरत नाही. हे दहावीच्या मुलाला एका दुपारी शिकवता येते.

धीट मुले जास्त बुडतात?

पालकांचा सर्वांत खरा आक्षेप हा आहे: पोहायला येऊ लागले की भीती जाईल, मग मूल शेततळ्यावर, गोदावरीच्या डोहात, कुठेही जाईल, न शिकवलेलेच बरे. अर्धवट शिकलेला मुलगा मित्रांसमोर धाडस करतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच किती शिकवायचे, याची रेषा आखून द्यावी लागते. बांगलादेशात, जिथे गावोगावी घरांमागे तळी असतात, ‘स्विमसेफ’ नावाचा कार्यक्रम गावातल्या साध्या तळ्यांत बांबूचे मचाण बांधून चालवला गेला. मुलाला २५ मीटर पोहता यावे, तरंगत राहता यावे, आणि पाण्यात न उतरता दुसऱ्याला काठी किंवा दोर देऊन ओढता यावे, हे तिथले मोजमाप होते. शिकलेल्या मुलांमध्ये बुडण्याचे प्रमाण न शिकलेल्यांपेक्षा ९० टक्क्यांहूनही अधिक कमी आढळले. अमेरिकेत २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १ ते ४ वर्षांच्या मुलांनाही रीतसर शिकवण्याचा फायदा दिसला. शिकवल्याने मुले धोक्यात लोटली जातात या समजाला आधार मिळाला नाही. जागतिक आरोग्य संघटना सहा वर्षांवरील मुलांना पोहणे आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवण्याची शिफारस करते. त्याहून लहानांसाठी मात्र तिचा भर अडथळ्यावर आणि देखरेखीवर आहे. तीन वर्षांच्या मुलाला पोहायला शिकवून कुंपणाचा खर्च वाचत नाही.

मुलींचा प्रश्न यात वेगळा येतो. गावात मुलगी पोहण्याच्या पोशाखात उतरणार नाही, म्हणून तिला शिकवायचेच नाही, असा सरळ निष्कर्ष काढला जातो. नेदरलँड्समध्ये मुलांच्या पोहण्याच्या पहिल्या परीक्षेचा काही भाग अंगावर कपडे घालून द्यावा लागतो, कारण कालव्यात पडणारे मूल कपड्यांतच पडते. जालन्याची मुलगी सलवार-कमीजमध्ये शिकली, तर ती तिच्या खऱ्या धोक्यासाठीच तयार होते. बाई शिक्षिका, वेगळी वेळ आणि बंदिस्त जागा एवढे दिले, तर बहुतेक घरांचा विरोध मावळेल. घागर, जनावरे, धुणे यांसाठी पाण्याच्या काठी मुलीच जास्त जातात, हे लक्षात घेतले तर त्यांना वगळणे सर्वांत महागात पडते.

पाणी कुठून आणायचे?

तहानलेल्या जिल्ह्यात पोहण्याचा तलाव म्हणजे चैन, हा आक्षेप आकड्यांत तपासून पाहू. मुलांना शिकवायला २५ मीटर लांब, १२.५ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल तलाव पुरतो. त्यात ३७५ घनमीटर, म्हणजे पावणेचार लाख लिटर पाणी बसते. मोठे टँकर धरले तर तीसेक. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या, एकास एक उताराच्या शेततळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. म्हणजे तालुक्याच्या शेकडो मुलांसाठी लागणारे पाणी एका शेततळ्याच्या सहाव्या हिश्श्याइतके आहे. गाळणी यंत्र असले तर ते पाणी रोज बदलावे लागत नाही. खरे नुकसान बाष्पीभवनाचे आणि गाळणी धुण्याचे. तरीही मे महिन्यात हंडाभर पाण्यासाठी भांडणे होत असताना तलाव भरणे शोभणार नाही, हा मुद्दा मान्य करायला हवा, आणि म्हणून वेळ बदलायला हवी.

आपल्याकडे पोहणे म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी, हे समीकरण शहरांतून आले आहे. जालन्याच्या पाण्याचे पंचांग वेगळे आहे. पावसाळ्यात पावसाचे, पुष्कळदा विहिरीतून उपसून साठवलेले पाणी शेततळ्यांत जाते आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर ती काठोकाठ असतात. याच काळात दिवाळीची सुट्टी येते, मुले रिकामी असतात, आणि दुपारचे पाणी अजून गारठलेले नसते. धोका सर्वांत मोठा तेव्हा, आणि शिकवायला सर्वांत योग्य काळही तोच. कागदाच्या शेततळ्यात वर्ग भरवणे मात्र चुकीचे ठरेल; तिथे उथळ भागच नसतो. पायऱ्यांची बारव, तळ माहीत असलेला आणि प्रवाह नसलेला बंधारा, किंवा शाळेच्या आवारात जोडून उभा करता येणारा तात्पुरता तलाव, यांपैकी जे गावाला जमेल ते. पाण्यात बांबूचे मचाण उतरवून उथळ चौकोन तयार करण्याची बांगलादेशी युक्ती इथेही चालण्यासारखी आहे. शेवटी मुलांनी जाळी लावून तीनास तीन चेंडू खेळावा, ४ फूट पाण्यात, दोन शिक्षक काठावर. त्याला वॉटर पोलो म्हणायचे की नाही, यावर वाद घालायला मग वेळच वेळ आहे.

अनुदानाच्या फाइलमध्ये आणखी एक फोटो

शिकवण्याला वर्षे लागतात. काठ आठवड्यात बदलता येतो. सामूहिक शेततळ्यांच्या अंदाजपत्रकात अस्तराबरोबर तारेच्या कुंपणाचाही हिशोब धरलेला असतो. वैयक्तिक शेततळ्यावर मात्र सगळा भर खोदकामावर आणि कागदावर जातो, आणि पैसा संपल्यावर कुंपण ‘पुढच्या वर्षी’ जाते. कुंपणानेही सगळे सुटत नाही. पंप चालू करायला माणूस आत जातो, फाटक उघडे राहते, कुत्र्यामागे मूल धावते. म्हणून दुसरी सोय आतून हवी: चारही बाजूंना बांधावरच्या पक्क्या खुंटीला बांधलेले, दर फुटावर गाठ मारलेले दोर, तळापर्यंत सोडलेले, एका कोपऱ्यात दोराची शिडी किंवा कागदावर ठोकळे चिकटवून केलेल्या पायऱ्या, पाण्यावर दोराला बांधलेली जुनी ट्यूब. या सगळ्याचा खर्च कागदाच्या खर्चापुढे किरकोळ आहे.

आणि न केल्याचा खर्चही सरकार आज भरतेच. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत १० ते ७५ वयोगटातल्या वहितीधारक शेतकऱ्याचा किंवा त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याचा पाण्यात बुडून मृत्यू झाला, तर २ लाख रुपये मिळतात. पण शेततळ्याच्या काठी बहुतेकदा राहतो तो सालगडी. त्याच्या नावावर सातबारा नाही, आणि त्याचे मूल चार वर्षांचे असेल तर वयही बसत नाही. सर्वांत जवळ राहणारे मूल मदतीपासून सर्वांत दूर आहे. देशात २०२२ साली बुडून मेलेल्यांची नोंद ३८ हजारांहून अधिक आहे, आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०२३मध्ये बुडण्याच्या प्रतिबंधासाठी धोरणात्मक आराखडाही जाहीर केला. आराखडा गावात उतरतो तो अशाच एखाद्या बारीक अटीतून.

ती अट अवघड नाही. शेततळे पूर्ण झाल्यावर अक्षांश-रेखांशासह त्याचा फोटो अनुदानाच्या फाइलला जोडला जातो. कागद किती मायक्रॉनचा, हेही तपासले जाते. त्याच फाइलमध्ये कुंपण, फाटकाचे कुलूप आणि चार बाजूंचे चार दोर यांचा आणखी एक फोटो मागावा आणि तो आल्याशिवाय शेवटची रक्कम सोडू नये. जुन्या शेततळ्यांसाठी ग्रामसभेने हेच काम वर्गणीतून किंवा ग्रामनिधीतून करावे. शेतकऱ्यावर आणखी एक जाच, असे कुणी म्हणेल. पण शेततळ्याचा पहिला धोका शेतकऱ्याच्याच लेकराला आहे आणि दोर बांधायला एक सकाळ लागते. वॉटर पोलोत नखे तपासल्याशिवाय खेळाडू पाण्यात उतरत नाही, आणि त्याला कुणी जाच म्हणत नाही, कारण ती तपासणी खेळाचाच भाग झाली आहे. जालन्यात दोर आणि कुंपण हा शेततळ्याचा भाग व्हावा, आणि दिवाळीच्या सुट्टीतले पोहण्याचे पंधरा दिवस शाळेचा भाग व्हावेत. पहिल्याने या वर्षीची मुले वाचतील. दुसऱ्याने, ती मोठी होऊन स्वतःची शेततळी खोदतील तेव्हा, त्यांना हे कुणी सांगावे लागणार नाही.